नावाड्याला आज काय हवे आहे?

प्रिय मित्रा,

भूमिका वठवण्याच्या खेळात तू सूत्रधार, म्हणजे खेळाडूंपुढे गोष्ट मांडणारा आणि त्यांना वाटेत भेटणारी माणसे वठवणारा. त्या खेळासाठी रचलेल्या तुझ्या मोहिमेतील नावाड्याविषयी तू लिहून पाठवलेली चार पाने मी दोनदा वाचली. त्याचे आजोबा कोणत्या युद्धात पडले, त्याच्या कुळाला कोणत्या देवतेचा शाप आहे, हे सारे तू मन लावून रचले आहेस; परंतु खेळाडू येऊन पोहोचतील त्या घटकेला तो घाटावर काय करत असेल, हे त्या चार पानांत कुठेही सापडले नाही.

पार्श्वपात्राला, म्हणजे सूत्रधाराने वठवायच्या अशा दुय्यम पात्राला, आधी एक अडचण दे, आणि तिचा खेळाडूंशी काडीचाही संबंध नसू दे. समजा, पूर चढण्यापूर्वी नावाड्याला पैलतीरापर्यंतचा जुना दोरखंड बदलायचा आहे आणि नवा दोरखंड दहा हात कमी पडतो आहे. आता खेळाडूंनी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ओसाड किल्ल्याविषयी विचारले, तर हातातल्या दोराचे पीळ चाचपत, मान वर न करता तो म्हणेल, “मागच्या पौर्णिमेला पाच जण गेले तिकडे. जाताना माझाच दोर कापून नेला. परवा त्यातला तुकडा वाहत आला, एक टोक जळलेला.” त्याने आपल्या नुकसानीचे गाऱ्हाणे मांडले आणि खेळाडूंना हवी ती बातमी त्यातूनच मिळाली.

आकड्यांसाठी फार वेळ घालवू नकोस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य माणसाचे ताकद, चपळाई वगैरे सहाही गुण १० आणि हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे बळ, अवघे ४ आहेत, तेच त्याला पुरतील. मात्र तलवारीच्या एका घावात ज्याचा जीव जाऊ शकतो, असा माणूस हत्यारबंद परक्यांशी बोलताना होडी मध्ये ठेवूनच बोलेल, हे विसरू नकोस. त्या आवृत्तीत मध्यम कठीण कामासाठी १५ आणि सोप्या कामासाठी १० हे लक्ष्य, म्हणजे फासा टाकून गाठायचा आकडा, धरतात. एखादा खेळाडू त्याच्या शेजारी बसून दोर वळू लागला, तर त्याचे मन वळवण्याचे लक्ष्य १५ वरून १० वर आण, किंवा फासा टाकायला लावूच नकोस.

निराळा आवाज काढण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. एकदा मी एका पहारेकऱ्याला घोगरा आवाज दिला आणि पुढच्या खेपेस तो साफ विसरलो. हा वेषांतर केलेला कोणी तोतया आहे, अशा समजुतीने खेळाडूंनी अख्खी संध्याकाळ त्या बिचाऱ्याचा माग काढण्यात घालवली. दोर चाचपणारी बोटे लक्षात ठेवणे त्याहून सोपे आहे.

कुळाचा शाप तूर्त बाजूला ठेव. खेळाडू तिसऱ्यांदा त्या घाटावर आले, तर तो कामी येईल. पुढच्या खेळापूर्वी नावाड्याविषयी मला तीनच ओळी लिहून पाठव: तो काय करतो आहे, त्याला काय कमी पडते आहे आणि तो कशाला भितो. कमी पडणारा दहा हात दोर कुठून आणायचा, हे मात्र तू ठरवू नकोस. ते खेळाडूंवर सोपव.

तुझा हितचिंतक