मुरुमातले गोल गोटे नदीचे का?

प्रश्न : विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागला. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे निघाले. इथून पूर्वी नदी वाहत होती का? मातीतले पांढरे खडे कसले?

उत्तर : नाही, हे गोटे जागेवरच तयार झाले आहेत. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पावसाचं पाणी भेगांत शिरून खडकाचे चौकोनी ठोकळे कुजवू लागतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी मारा होतो, कडेवर दोन, सपाट भागावर एकाच. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होतो. त्यातली खनिजं चिकणमातीत बदलतात, लोह गंजून तांबूस होतं आणि पापुद्रे सुटतात.

खात्रीसाठी एक गोटा फोडा. आत ताजा, काळा, कठीण गाभा दिसेल. नदीचा गोटा बाहेरूनही टणक आणि गुळगुळीत असतो, त्याला पापुद्रे नसतात.

पांढरे खडे बहुधा चुनखडीचे असावेत. एक खडा कुटून पुडीवर लिंबू पिळा. फेस आला तर चुनाच. पाणी आटताना त्यात विरघळलेला चुना मातीत साचतो.

एक मात्र सांभाळा : या थरात पापुद्रे ओले झाले की गोटे निसटतात आणि कडा ढासळते. कठीण खडक लागेपर्यंतचा भाग पावसाळ्याआधी बांधून घ्या.