धागादोरा, माग आणि हात

प्रश्न असा आहे. विणकाम क्लबात घडणाऱ्या एका खूनकथेचा अनुवाद चालू आहे. मेलेल्या बाईचा अर्धवट स्वेटर दोन सुलट, दोन उलट असा विणलेला, पण शेवटच्या चार ओळी नुसत्या सुलट. त्या पाहून नायिका म्हणते, ‘मला एक धागादोरा मिळाला!’ मूळ इंग्रजीत ‘क्लू’ आहे. हे मराठी चालेल का?

नाही चालणार. गुन्ह्याच्या तपासातले ‘धागेदोरे’ कायम अनेकवचनी असतात आणि त्यांची क्रियापदंही ठरलेली: ते हाती लागतात, मिळतात, फार तर कुणापर्यंत तरी जाऊन पोहोचतात. एकवचन केलंत की मनगटावरचा गंडादोरा डोळ्यांपुढे येतो. नुसता ‘धागा’ही नको. ‘हाच धागा पकडून पुढचे वक्ते म्हणाले’ यातला धागा बोलण्यातला दुवा आहे. शिवाय या गोष्टीत ‘तिला धागा सापडला’ असं वाचल्यावर वाचक प्रेताच्या मुठीत खराखुरा धागा शोधायला लागेल.

मूळ लेखकाने इथे श्लेष साधला असणार, कारण इंग्रजीतल्या ‘क्लू’चा जुना अर्थच सुताचा गुंडा. ग्रीक पुराणकथेतला थीसियस आरिआड्नीने दिलेला गुंडा उलगडत चक्रव्यूहात शिरला आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर आला. ‘वाट दाखवणारी खूण’ हा अर्थ तिथून आला. आपल्या ‘धागेदोऱ्यां’ना विणकामाचा असा वास नाही. सुयांवर विणणाऱ्या बायका लोकर म्हणतात. दोरा शिवणाच्या डब्यातला. त्यामुळे श्लेष ओढूनताणून आणू नये.

‘माग काढला’ हा पर्याय वरवर मोहक वाटतो, कारण माग म्हणजे पावलांच्या खुणा आणि माग म्हणजे कापड विणायचं यंत्रही. पण क्लबातल्या बायका सुयांवर विणतात, मागावर नाही. ‘सुगावा’ चालेल, फक्त त्यात अजून कुणकुणच असते. ‘छडा’ शेवटी लागतो, तो चार ओळींवर खर्च करू नका. ‘उकल’ मात्र शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवा: शिवण उकलते आणि गुन्ह्याचीही उकल होते, तिथे मराठी आपसूक तुमच्या मदतीला येते.

मग नायिकेने म्हणायचं काय? माझ्या मते इथला नेमका शब्द ‘हात’. विणणाऱ्या एकमेकींबद्दल म्हणतात, हिचा हात घट्ट, तिचा सैल. त्यामुळेच एकाच स्वेटरची पाठ एकीने आणि पुढचा भाग दुसरीने विणला तर मापं जुळत नाहीत. आणि गुन्ह्यात कुणाचा तरी ‘हात असतो’, हे तर आपण रोज वाचतो. तेव्हा तिला स्वेटर उजेडात धरू द्या, शेवटच्या ओळींवरून बोट फिरवू द्या आणि एवढंच म्हणू द्या: ‘या चार ओळींत दुसराच हात आहे.’ त्यापुढे ‘मला पुरावा मिळाला’ वगैरे जोडायची गरज नाही.

जाता जाता: अनुवादात क्लबाला ‘विणकर मंडळ’ म्हटलं आहे, ते बदला. विणकर म्हणजे मागावर कापड विणणारा. ‘विणकाम मंडळ’ करा किंवा सरळ क्लबच राहू द्या. आणि मुखपृष्ठावर इंग्रजी ‘कोझी मिस्टरी’चं शब्दशः भाषांतर ‘उबदार खूनकथा’ नको. उबदार स्वेटर असतो. ‘हलकीफुलकी रहस्यकथा’ पुरे.