जहाज पनामाचं, पोरगा पुण्याचा, मग कायदा कुणाचा?

प्रश्न: मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर आहे. जहाजावर पनामाचा झेंडा, मालक ग्रीक, करारावर सही मुंबईत एजंटच्या ऑफिसात झाली. सिंगापूरला इंजिन रूममध्ये हात भाजला, शिवाय चार महिन्यांचा पगार थकलाय. एजंट म्हणतो झेंडा पनामाचा म्हणजे केस पनामातच. खरं का?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: काका, एजंट उगाच घाबरवतोय. झेंड्याचं म्हणाल तर लोक टॅक्स वाचवायला गाडीचं पासिंग पुदुच्चेरीला करून आणतात ना, बऱ्याचदा तसलाच प्रकार असतो, मालकाचा पनामाशी तेवढ्यापुरताच संबंध. कोर्ट झेंडा बघतं, पण तेवढाच बघत नाही.

यातली गाजलेली केस अमेरिकेतली, १९५३ ची, लॉरिट्झेन विरुद्ध लार्सन. खलाशी डॅनिश, जहाज डॅनिश, सही न्यूयॉर्कला, दुखापत हवानाच्या बंदरात आणि दावा परत न्यूयॉर्कमध्ये! तिथल्या सुप्रीम कोर्टाने सात मुद्दे तपासले, अपघात कुठे झाला, झेंडा कुणाचा, खलाशी कुठला, मालक कुठला, करार कुठे झाला वगैरे, आणि डॅनिश कायदा लावला. पण १९७० मध्ये त्याच कोर्टाने एका ग्रीक खलाशाला अमेरिकन कायदा लावला, जहाज ग्रीक झेंड्याचं, करारातही ग्रीक कायदाच लिहिलेला, तरीसुद्धा, कारण मालक धंदा चालवत होता अमेरिकेतून. म्हणजे झेंडा एकदा जिंकला, एकदा हरला.

आता तुमचं. दावा कुठे लावायचा आणि कायदा कुठला लागणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एजंटने त्यांची मिसळ केलीय. पुण्याला समुद्र नसला तरी मुंबई हायकोर्ट आहे आणि २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी कायदा (म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा, १ एप्रिल २०१८ पासून लागू) परदेशी जहाजालाही लागतो, फक्त जहाज भारतीय हद्दीत यायला हवं, मग ते अरेस्ट करून, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने अडकवून, पैसे मागता येतात. त्याच मालकाचं दुसरं जहाज आलं तरी चालतं, पण बरेच मालक एकेक जहाज एकेका कंपनीच्या नावावर ठेवतात, तिथे घोडं अडतं.

पगाराचं काम त्यातल्या त्यात सोपं. खलाशाच्या पगाराचा जहाजावर बोजा असतो, मेरिटाइम लिएन म्हणतात त्याला, आपल्या कायद्यात तो पहिल्या नंबरला आहे, बँकेच्या कर्जाच्याही आधी, आणि जहाज विकलं, झेंडा बदलला तरी सुटत नाही. मुदत मात्र दोन वर्षं. हाताच्या दुखापतीचा लिएन दुसऱ्या नंबरला आणि मुदत फक्त एक वर्ष, तेव्हा ते आधी हातात घ्या. त्यातही मुदतीच्या आत नुसती नोटीस पाठवून भागत नाही, जहाज अरेस्ट व्हावं लागतं. भरपाई किती यावर मात्र वाद होणार, पनामा, सिंगापूर, भारत असं सगळं निघेल, म्हणून करारात कुठला कायदा लिहिलाय ते आजच वाचा, युनियनचा सीबीए (मालकाशी केलेला सामूहिक करार) जोडलेला असेल तर भरपाईचे आकडे बहुतेक त्यातच सापडतील.

एजंटचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या परवान्याचा) घेऊन डीजी शिपिंगकडे, म्हणजे सरकारच्या जहाज वाहतूक खात्याकडे, तक्रारही टाका. आणि थकलेला पगार देतो म्हणून ‘सगळं मिळालं’ असल्या कागदावर पोराला सही करू देऊ नका.