सोलापुरातल्या शाळेत रसायनशास्त्रावर बोलायला बाहेरून कुणाला बोलवावं? मुलांना त्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, नक्की बोलवा. पण त्यासाठी पुण्या-मुंबईचा वक्ता शोधत बसू नका. मी इथे नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातला आजवरचा सगळ्यात रंगलेला तास घेतला तो एका निवृत्त डाइंग मास्तरांनी. त्यांचं आयुष्य चादरीच्या सुताला रंग देण्यात गेलेलं.

त्यांनी आणलं काय, तर स्टीलची बादली, पांढऱ्या सुताच्या लड्या, नीळ, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट). नीळ पाण्यात विरघळत नाही, हे आधी दाखवलं. मग कोमट पाण्यात कॉस्टिक आणि हायड्रो घातलं, आणि थोड्या वेळात निळं पाणी पिवळट-हिरवं झालं. त्यात बुडवलेली लडीही पिवळट हिरवीच बाहेर आली. ती त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवली आणि काही न बोलता बाजूला झाले. बघता बघता लडी निळी. एका मुलीनं विचारलं, "काका, वाळल्यामुळे रंग आला का?" ते म्हणाले, "हात लावून बघ." (लडी आधी साध्या पाण्यातून खळबळून घेतली होती, म्हणून हात लावू दिला.) लडी ओलीच होती! म्हणजे वाळण्याचा संबंध नाही, हवेचा आहे, हे पोरांनी स्वतःच काढलं. क्षपण (बादलीत झालं ते) आणि ऑक्सिडीकरण (हवेत झालं ते) हे शब्द मी फळ्यावर लिहिले ते दुसऱ्या दिवशी. आधी लिहिले असते तर तास तिथेच संपला असता.

पाहुण्यांना "भाषण करा" म्हणू नका. "तुमच्या कामात बिघडतं काय?" हे विचारा. मास्तरांनी सांगितलं, हायड्रो कमी पडलं तर रंग बादलीतच पुन्हा निळा होतो, सुताच्या आत न शिरता वरवर बसतो आणि घासलं की निघतो. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरच्या चादरी ओल्या रुमालानं घासून आला होता.

साखर कारखान्याचे केमिस्टही जरूर बोलवा. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी 'उतारा' (उसातून किती टक्के साखर निघाली ते) हा शब्द रोज कानावर पडतो, पण रसात चुना का घालतात ते माहीत नसतं. उसाचा रस मुळात आम्लधर्मी. तो तसाच तापवला तर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे तेवढी साखर हातची गेली. म्हणून चुना. पुढे गंधक जाळून केलेला वायू सोडतात, त्यातून बसणारा साका मळ घेऊन खाली जातो. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) सातच्या आसपास ठेवायचा. सामूचा धडा यापेक्षा चांगला मला शिकवता आलेला नाही. फक्त त्यांना गाळप हंगामात बोलवू नका, सवड नसते. जून-जुलै बरा.

काळजी मात्र घ्या. कॉस्टिकनं कातडी आणि डोळे भाजतात. हायड्रोला ओल लागली तर ते तापून पेट घेऊ शकतं, शिवाय उग्र वासही सुटतो. त्यामुळे डबा कोरडा, खिडक्या उघड्या, मास्तरांना हातमोजे आणि चष्मा, मुलं दोन हात लांब. लडी तीन-चारदा पाण्यातून खळबळून काढल्यावरच मुलांच्या हातात द्या.