व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' वाचून तुम्हाला काय वाटलं? एवढी जाड कादंबरी खरंच वाचावी का?

हो, वाचाच. 1862 साली आलेली कादंबरी आहे, जाडजूड आहे, मध्येमध्ये रेंगाळतेही, तरी वाचा. बहुतेकांना यातला एकच प्रसंग ऐकून माहीत असतो, तो म्हणजे पाव चोरला म्हणून तुरुंगात गेलेला आणि 19 वर्षांनी सुटलेला जाँ वाल्जाँ, त्याला कोणी दारात उभं करत नाही, एक म्हातारा बिशप घरात घेतो, जेवू घालतो, आणि हा रात्री त्याच्याच घरातली चांदीची भांडी घेऊन पळतो. पोलीस पकडून आणतात तर बिशप म्हणतो, अरे मीच दिली होती ती, आणि मेणबत्तीचे चांदीचे स्टँड पण दिले होते ना, ते का नाही नेलेस? प्रसंग सुंदरच आहे, पण माझ्या मते खरी कादंबरी त्याच्या पुढे सुरू होते.

कारण त्याच दिवशी संध्याकाळी हा माणूस एका लहान पोराचं 40 सूचं (सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग) नाणं पायाखाली दाबून धरतो. पोरगं रडतं, माझे पैसे द्या म्हणून विनवतं, आणि हा त्याला हाकलून देतो. इतकी मोठी माफी मिळून काही तास झालेले आणि लगेच हे! नंतर भानावर येऊन तो त्या पोराला हाका मारत रानभर फिरतो, पण पोरगं काही सापडत नाही. ह्यूगोने हे लिहिलं म्हणून मला त्याचं बदलणं खरं वाटलं, नाहीतर बिशपने हात ठेवला आणि चोराचा साधू झाला असं कीर्तनात ऐकतो तसं झालं असतं.

पण माझ्या मनातून जात नाही ती फाँतिन. वाल्जाँ पुढे नाव बदलून एका गावात काळ्या मण्यांचा कारखाना काढतो, गावाला रोजगार देतो, दवाखाना चालवतो, गावाचा मेयर होतो, म्हणजे चांगुलपणात कुठे काही कमी नाही. आणि फाँतिनची नोकरी जाते ती याच देवमाणसाच्या कारखान्यातून. तिला लग्नाशिवाय झालेली मुलगी आहे हे कळल्यावर बायकांच्या विभागाची मुख्य बाई तिच्या हातात 50 फ्रँक ठेवते आणि मेयरसाहेबांच्या नावाने काढून टाकते. साहेबांना पत्ताच नाही! त्यांनी सगळा विश्वास त्या बाईवर टाकलेला. फाँतिन मात्र खरं कळेपर्यंत त्यांनाच शिव्या घालते, आणि मला तिचं अजिबात चुकलेलं वाटत नाही.

मग ह्यूगो अक्षरशः वाण्याच्या वहीसारखा हिशोब मांडतो. शिलाईचे दिवसाला 12 सू मिळायचे, त्यातले 10 मुलीसाठी जायचे, पुढे तुरुंगातल्या बायकांकडून स्वस्तात काम करून घेणारा एक कंत्राटदार भाव पाडतो आणि 17 तास शिवून हातात 9 सू पडायला लागतात. मुलगी ज्या खानावळवाल्या थेनार्दिएकडे ठेवलीय तो खोटी कारणं काढून पैसे मागत राहतो. लोकरीचा परकर हवा म्हणतो तर ही 10 फ्रँकला केस विकते, परकर घेऊन पाठवते, आणि थेनार्दिए नवरा-बायको तो आपल्याच पोरीला घालतात, कारण त्यांना परकर नाही, पैसे हवे होते. मग औषधासाठी 40 फ्रँक, तर ही पुढचे दोन दात काढून देते. पुढे काय विकायचं राहिलं ते तुम्हीच समजा. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. यात रडारड नाही, नुसते आकडे आहेत, आणि म्हणूनच जास्त लागतं.

आणि इथेच मला ह्यूगो मोठा वाटतो, एकट्या माणसाचं मन पालटलं म्हणजे झालं असं तो म्हणत नाही. मालक कितीही दयाळू असू दे, खाली नियम कोण कसे चालवतंय हे त्याने बघितलं नाही तर त्याच्याच नावाने माणूस चिरडला जातो. वाल्जाँला हे कळतं तोवर ती मरायला टेकलेली असते. पुढे तिच्या मुलीला, कोझेतला, तो स्वतःची मुलगी म्हणून वाढवतो. त्याआधी त्याच्याऐवजी भलताच माणूस जन्मभर कैदेत जायची वेळ येते तेव्हा रात्रभर स्वतःशी भांडून भर कोर्टात उभा राहून 'जाँ वाल्जाँ मी आहे' म्हणतो. ते रात्रीचं प्रकरण दोनदा वाचा.

वाचायचं कसं म्हणाल तर, आधी अंदाज घ्यायचा असेल तर साने गुरुजींनी याच कादंबरीवरून 'दुःखी' लिहिलंय, तिथून सुरुवात करा. पूर्ण वाचणार असाल तर दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूच्या लढाईची 19 प्रकरणं लागतात, बरेच जण तिथेच पुस्तक सोडतात. कंटाळा आला तर पहिल्या वेळी ती सरळ गाळा, पण त्यातलं शेवटचं प्रकरण नका सोडू, तिथे थेनार्दिए रात्री रणांगणावर पडलेल्या सैनिकांना लुटताना भेटतो आणि ते पुढे कोझेतच्या प्रेमात पडणाऱ्या मारियसच्या गोष्टीत लागतं.