कोबाल्ट कागदावर बसतो, टाकीत नाही

मुलुंड, मुंबई

अनेक आशीर्वाद.

परवा माटुंग्याला कॉफी पिताना तू वहीतला धातूंच्या इलेक्ट्रोड विभवांचा तक्ता दाखवलास, आकडा जितका जास्त उणे तितका धातू द्रावणात जायला उत्सुक. जस्त उणे ०.७६ व्होल्ट, कॅडमियम उणे ०.४०, कोबाल्ट उणे ०.२८. म्हणजे जस्ताच्या द्रावणातली भेसळ काढायला झिंक डस्ट, जस्ताची पूड, टाकली की कोबाल्ट कॅडमियमच्याही आधी खाली यायला हवा, असं म्हणालीस. हिशेब चोख आहे. पण राजस्थानातल्या जस्ताच्या प्लांटवर रुजू झालीस की दिसेल, तांबं झटकन येतं, कॅडमियमही येतं, कोबाल्ट मात्र नुसत्या जस्ताला दाद देत नाही. त्याला ७५ ते ९० अंशांची ऊब लागते, थोडं तांबं लागतं आणि चिमूटभर अँटिमनी. गंमत अशी की हीच अँटिमनी पुढे सेलहाउसची, म्हणजे विजेने द्रावणातलं जस्त पत्र्यांवर बसवतात त्या विभागाची, वैरीण, त्यामुळे कामापुरती द्यायची आणि तीही केकमध्येच, गाळून मागे उरणाऱ्या गाळातच, अडकली ना, हे पाहायचं. कुठे तिच्याऐवजी आर्सेनिक वापरतात. तिथे विषारी आर्सिन वायू निघू शकतो. तसा प्लांट वाट्याला आला तर रसायनाआधी एक्झॉस्ट पंखे बघ.

माझी एक चूक सांगतो. रात्रपाळीत कोबाल्ट उतरेना, म्हणून मी डस्टची आणखी दोन पोती ओतली. पीएच चढला, कणांवर बेसिक सल्फेटचं कवच बसलं आणि कोबाल्ट तसाच राहिला. त्यात द्रावण गाळणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड फाटलेलं. गरम टाकी केकसकट सकाळपर्यंत उभी राहिली आणि बसलेलं कॅडमियम पुन्हा विरघळलं! इनचार्ज ओरडले नाहीत. मला सेलहाउसमध्ये नेऊन पूर्वी एकदा असंच द्रावण पुढे गेल्यावर निघालेला जस्ताचा पत्रा दाखवला. चाळणी झाली होती त्याची. कोबाल्टमुळे हायड्रोजन सुटतो, वीज फुकट जाते आणि बसलेलं जस्त परत आम्लात जातं. लिटरमागे दीडशे ग्रॅम जस्त आणि कोबाल्ट मिलिग्रॅमच्याही आत हवा, तो यासाठी.

तेव्हा कोबाल्टचा आकडा वाढला की पोत्याकडे धावू नकोस. आधी तापमान, मग पीएच, मग अँटिमनीचा डोस, आणि टाकीतून प्रेसपर्यंत माल किती वेळ रखडला ते घड्याळावर बघ. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

जाण्याआधी एकदा घरी ये, माझी जुनी पाळीची वही दाखवतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असेल तर शनिवारीच ये.

तुझा,
काका