घरातल्या वस्तूंपासून विमानाचं हुबेहूब मॉडेल जमेल का, की सरळ किट आणून द्यावं?

किट आणू नका.

किट वाईट असतात म्हणून नाही, त्याचं पुढं बोलू. तुम्ही लिहिलंय की मुलगा आठवीत आहे, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून राफेल करायचं म्हणून हटून बसलाय, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा किट बरं, "निदान नीट तरी दिसेल". हे "निदान नीट तरी" मी आमच्या घरात ऐकलेलं आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबणार.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नचं काम करतो. फौंड्रीत साचा काढायला जो लाकडी नमुना लागतो, तो आम्ही घडवतो. मिलीमीटरवरून भांडण्यात आयुष्य चाललंय. कात्री कशी धरायची, फेविकॉल किती लावायचा हे सांगत बसत नाही. ते पोराला तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार.

पहिलं, राफेल सोडा. त्याचा त्रिकोणी पंख अंगात कुठं मिसळतो ते फोटोवरून कळत नाही आणि तो गोलवा कागदातून निघत नाही. शिवाय पोरानं राफेल पाहिलंय कुठं? फोनवर. त्यापेक्षा उजळाईवाडीला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या विमानतळावर, रोज उतरतं ते छोटं प्रवासी विमान करा, एटीआर ७२. पंख वर, पंख्यांची दोन इंजिनं, टी आकाराची शेपटी आणि गोल नळीसारखं सरळ अंग. घरात बसून करायला ह्याच्याएवढं सोयीचं विमान नाही.

मापं घ्या. लांबी २७.१७ मीटर, पंखांचा विस्तार २७.०५ मीटर. एकास बहात्तर प्रमाण धरलं (नावातला ७२ आकडा प्रवाशांचा, त्याचा इथं संबंध नाही) तर लांबी ३७.७ सेंटीमीटर आणि विस्तार ३७.६. आता गंमत बघा. अंगाची रुंदी २.८६ मीटर, म्हणजे मॉडेलला जवळजवळ ४ सेंटीमीटर. आणि प्लंबरनं टाकून दिलेला ४० मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप बाहेरून मोजला की ४० च भरतो. दीडेक फुटाचा तुकडा मिळाला की साचा तयार. कागदाच्या थरांनी मिलीमीटरभर वाढेल, तेवढं चालतं. मी चालतं म्हणतोय म्हणजे खरंच चालतं.

पाइपला आधी पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची. हे विसरलं की संपलं. फेविकॉल सुकताना कागद आवळत जातो, आणि मग पाइप बाहेर निघत नाही. ओतलेलं बीड थंड होताना शेकडा एकभर आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो. कागदाचं आकसणं त्याच जातीचं, फक्त पोराला ते डोळ्यांनी दिसेल. पिशवीवर वर्तमानपत्राचे थर, शेवटचा थर ड्रॉइंग पेपरचा. ड्रॉइंग पेपर दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. एका दिशेनं तो मुकाट वाकतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो. मुकाट वाकतो तसा गुंडाळायचा, नाहीतर अंगावर सुरकुत्या. गुळगुळीत कॅलेंडरचा कागद नको, त्यावर फेविकॉल धरत नाही.

शेपटीकडं अंग निमुळतं होतं, पण सगळीकडून सारखं नाही. पाठीची रेघ जवळपास सरळ जाते, पोट वर चढतं. म्हणून पाचरी फक्त पोटाच्या बाजूनं कापायच्या आणि कडा ओढून चिकटवायच्या. चारी बाजूंनी कापल्या की विमानाचं गाजर होतं. नाकाला कागदाचा लगदा, त्यावर खडूची पूड आणि फेविकॉलची लांबी (म्हणजे पुट्टी), मग पॉलिश पेपर, परत लांबी, परत पॉलिश पेपर. पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवा आणि नाकावर टेकवून बघत राहा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका. डोळा खोटं बोलतो, फर्मा बोलत नाही.

पंखाला लग्नपत्रिकेचं जाड कार्ड. आमच्याकडं सीझन संपला की माळ्यावर गठ्ठा असतो. इंजिनांपर्यंत पंख सरळ रुंदीचा, तिथून टोकाकडं निमुळता. पुढच्या कडेला घडीची धार येऊ द्यायची नाही, विणायच्या सुईवर गोल करून घ्यायची. आत उदबत्तीच्या काड्या.

पंख्यांवर मात्र वेळ घालवा. प्रत्येक पंख्याला सहा पाती, एकूण व्यास ३.९३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेपाच सेंटीमीटरला किंचित कमी. पातं सपाट नसतं, त्याला पीळ असतो. तो पीळ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आयता मिळतो. डब्याच्या गोल भिंतीवर पात्याचा फर्मा उभा न ठेवता तिरका ठेवून कापा, पीळ आपोआप येतो. आणि दोन्ही इंजिनांचे पंखे एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळं बाराही पाती एकाच पिळाची. डाव्याला डावी, उजव्याला उजवी असं आरशातल्यासारखं करू नका.

बाकी बारीकसारीक घरातच सापडतं. पुढच्या काचांना जुना एक्स-रे, मुख्य चाकांना शर्टाची बटणं पाठीला पाठ लावून, चाकांच्या दांड्यांना संपलेली रिफिल, पत्र्यासाठी औषधाच्या पाकिटाची चंदेरी पट्टी. त्या पट्टीवर शिंप्याचं दात्यांचं चाक पट्टी धरून फिरवलं की रिबिटांची रांग उमटते. हे बघून आमच्या दुकानातला मेस्त्रीसुद्धा थांबला होता.

आता दार. इथं माझं दुखणं आहे.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्याला असतात. मोठ्या कंपनीत आहेत, परदेशी जाऊन आलेत. एका वर्षी गौरी-गणपतीच्या आराशीत मी उजळाईवाडीचा विमानतळ केला, धावपट्टीवर हे एटीआर. पाहुणे येत होते, वाकून बघत होते. दाजी आले, चष्मा सरळ करून विमानाभोवती हिंडले आणि भरल्या घरात म्हणाले, "सगळं झकास आहे, पण दार मागं लावलंस की रे! विमानात माणसं पुढनं चढतात."

मी म्हटलं, "दाजी, ह्याला मागंच असतं."

"मागनं चढायला केएमटीची बस आहे का ती?"

घर हसलं. माझा पोरगाही हसला. जावयाशी वाद घालायचा नसतो, आईनं नुसतं बघितलं आणि मी प्रसाद वाटायला उठलो.

एटीआरला प्रवाशांचं दार डाव्या बाजूला मागंच असतं. पुढचं मोठं दार सामानाचं. वैमानिकाच्या पाठीमागं आधी सामानाची खोली, मग माणसं. मी दुकानातलं काम सोडून कुंपणाबाहेर उभा राहून हे बघितलेलं होतं. पण मी सांगणार कुणाला?

त्या दिवाळीला दाजींनी पोरासाठी किट आणलं. परदेशी, लढाऊ विमानाचं, झकास खोक्यात. "हे कर, निदान नीट तरी दिसेल." पोरानं ते पटकन जोडून टाकलं. चांगलं दिसतं, अजून शोकेसमध्ये आहे. पण त्यातला कुठला भाग कशासाठी आहे विचारा, त्याला सांगता येत नाही. दार कुठं, चाक कुठं मिटतं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच बघून ठेवलेलं. पोराला बघावंच लागलं नाही.

पुढं सगळे मिळून तिरुपतीला गेलो, उजळाईवाडीहून हैदराबादमार्गे. समोर एटीआर उभं. दाजी बॅग घेऊन तडक नाकाकडं निघाले. तिथल्या मुलीनं हात करून त्यांना शेपटीकडं वळवलं. मी मागंच होतो, एक शब्द बोललो नाही. आत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाले, "हे नवीन मॉडेल दिसतंय."

एटीआर ७२ पहिल्यांदा उडालं ते १९८८ साली.

तिथं बोललो नाही ते इथं बोलतो. दाजींचं म्हणणं, जे विकत मिळतं ते घडवत बसायचं कशाला. अहो, ह्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि त्यावर सिनेमे काढले. तेव्हाही कॅमेरा विकत मिळत होताच. घडवणाऱ्याला त्या वस्तूच्या आत शिरावं लागतं, विकत घेणाऱ्याला नाही, एवढाच आमचा वाद आहे. आणि "टाकाऊतून केलेलं म्हणजे बालवाडीची हस्तकला" हे वाक्य ज्यांनी आयुष्यात कानस हातात धरली नाही तेच बोलतात. उद्यमनगरात कुणाला बोलून दाखवा.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही दाजी नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर फेविक्विक आणि स्प्रेचा रंग दोन्ही चालत नाहीत, थर्माकोल जागच्या जागी विरघळतो. त्यावर आधी फेविकॉलनं कागद चढवा. फेविक्विकवर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते तिथंच दगड होतं, बारीक फटींना बेस्ट, पण कापूस किंवा सुती कपड्यावर सांडलं तर चटका बसण्याइतकं तापतं. श्रीखंडाचा डबा कापताना ब्लेड सटकतं. ते काम तुम्ही करा, पोराला फर्मा धरू द्या. विमानतळाबाहेर फोटो काढायचे तर तिथल्या सुरक्षावाल्यांना विचारून काढा, नाहीतर माझ्या नावानं शंख कराल. आणि हे मॉडेल उडणार नाही. लांबी चढवलेलं अंग जड होतं. उडणारं हवं असेल तर तो धंदाच वेगळा.

किटबद्दलही प्रामाणिकपणे सांगतो. पोराला लढाऊ विमानच हवं असेल तर हे एटीआर झाल्यावर आणून द्या. लांबी भरणं, घासणं, रंगाचे पातळ हात हे सगळं त्यालाही लागतं, आणि हात बसलेला असेल तर किट दुप्पट चांगलं होतं. नुसतं पहिलं म्हणून नको.

खर्च विचारलाय. फेविकॉल, पॉलिश पेपर, रंगाच्या लहान डब्या, एवढंच. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की शाळेचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आहे. त्यात हे होत नाही. नुसती लांबी सुकायलाच तेवढे दिवस जातील, आणि ओल्या लांबीवर रंग मारला की तडे जाणार. ह्या वर्षी शाळेला ज्वालामुखी द्या.